पेज मस्कचं, यंत्र तुझं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कुडाळ तालुक्यातल्या एका गावातून २६ वर्षांच्या तरुणाने लिहिलं आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. वडिलांची भाताची गिरण आहे. गिरणीमागच्या पडवीत खपून त्याने रातांबे (कोकमाची फळं) फोडून बी आणि साल वेगळं करणारं एक छोटं यंत्र बनवलं आहे. हौस म्हणून त्याने इलॉन मस्कवर मराठीत एक इन्स्टाग्राम पेजही सुरू केलं होतं. त्याचे आज ४० हजार फॉलोअर आहेत. स्वतःच्या यंत्राचा व्हिडिओ त्याच पेजवर टाकला, तर तो दोनशे जणांनीही पाहिला नाही. उलट "भाऊ, मस्कचं टाक" अशा कॉमेंट आल्या. वडील म्हणतात, "दुसऱ्याच्या वरातीत किती नाचतलस? गोव्यात वेर्ण्याक नोकरी मिळता हा, ती धर." मधल्यामध्ये टेलिग्रामवरून कोणीतरी मस्कच्या नावाच्या नव्या 'कॉइन'ची, म्हणजे आभासी चलनाची, एक रील टाकायचे २५ हजार रुपये देऊ केले आहेत. तो विचारतो: मस्कला जाहिरात लागत नाही, त्याचं नावच विकलं जातं. मग मीही आधी नाव कमवावं आणि यंत्र मागाहून विकावं, हे बरोबर ना? आणि कॉइनच्या पैशांत यंत्राचं दुसरं मॉडेल होईल, ते घेऊ का?

उत्तर:

वयाने धाकटा आहेस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस.

कॉइनचा विषय तू पत्राच्या शेवटी दोन ओळींत उरकलास. मी तो आधी घेते, कारण बाकी सगळं महिनाभर थांबलं तरी काही बिघडत नाही. ती रील टाकू नकोस.

मस्कचं नाव आणि चेहरा ऑनलाइन फसवणुकीच्या धंद्यात सगळ्यात जास्त वापरलेल्यांपैकी आहे. जुलै २०२० मध्ये ट्विटरवरची बडी बडी खाती फोडली गेली. ओबामा, बिल गेट्स आणि मस्क त्यांत होतेच. या खात्यांवरून "बिटकॉइन पाठवा, दुप्पट परत देतो" असे संदेश गेले आणि लोकांनी काही तासांत लाखभर डॉलरहून जास्त रक्कम पाठवूनही दिली. सूत्रधार म्हणून पकडला गेला तो फ्लोरिडातला १७ वर्षांचा पोरगा होता. आता खातं फोडायचीही गरज उरलेली नाही, मस्कचा बोलता चेहरा संगणकावर तयार करता येतो. बरं, खरा मस्क बोलला म्हणून तरी काय? डोजकॉइनचं त्याने गंमतीगंमतीत इतकं कौतुक केलं की ८ मे २०२१ ला तो अमेरिकेतल्या एका विनोदी कार्यक्रमात झळकणार म्हणून भाव चढेल या आशेने लोक जागत बसले होते. कार्यक्रम चालू असतानाच भाव गडगडला. तिथे निदान नाणं खरं होतं. तुझ्याकडे आलेल्या नाण्याचा मालक कोण, हे तुलाही माहीत नाही.

कायदाही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीबरोबर ती करणाऱ्या चेहऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. पण मला कायद्यापेक्षा वेगळीच काळजी वाटते. उद्या कणकवलीतल्या एखाद्या पोराचे पैसे बुडाले तर तो टेलिग्रामवाल्याला शोधायला जाणार नाही, कारण तो सापडणारच नाही. तू सापडशील. तुझा पत्ता गिरणीवर कोणीही सांगेल. (हे वाचणाऱ्यांपैकी कोणी अशा योजनेत आधीच पैसे घालून बसलं असेल, तर लाजून घरात बसू नका. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. उशीर होईल तसे पैसे पुढे सरकत जातात.)

आता मूळ प्रश्न. आधी नाव आणि मग माल, हा क्रम तू धरून चाललायस. तो मस्कच्याच आयुष्याला लावून बघू. १९९५ मध्ये त्याने भावाला सोबत घेऊन झिप-टू ही कंपनी काढली. १९९९ मध्ये ती कॉम्पॅकने घेतली आणि मस्कच्या वाट्याला सव्वादोन कोटी डॉलरच्या आसपास आले. २००२ मध्ये ईबेने पेपॅल १५० कोटी डॉलरना विकत घेतली, त्यातही त्याचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी त्याची रॉकेटची कंपनी स्पेसएक्स सुरू झाली. फाल्कन-१ रॉकेट २००६ मध्ये पडलं, २००७ मध्ये पोचलं नाही, २००८ मध्ये पुन्हा फसलं. चौथं २८ सप्टेंबर २००८ ला कक्षेत गेलं. टेस्लाची पहिली गाडी रोडस्टरही त्याच वर्षी गिऱ्हाइकांच्या दारात उभी राहिली. आणि ट्विटरवर हा माणूस स्वतः बोलायला लागला २०१० मध्ये! पहिल्याच ट्वीटमध्ये त्याने सांगितलं की आधीचं मनावर घेऊ नका, ते माझं नाव लावून दुसरंच कोणीतरी बोलत होतं. म्हणजे रॉकेट वर जाऊन दीडेक वर्ष झालं होतं तेव्हा बाबाजी ट्विटरवर आले.

टेस्लाने वर्षानुवर्षं जाहिरातीवर जवळपास काही खर्च केला नाही, हे तू म्हणतोस ते खरं. पण तोवर गाडी रस्त्यावर होती, ती चालवून बघितलेले लोक होते आणि ते बोलत होते. २०२३ मध्ये मस्कनेच भागधारकांच्या सभेत जाहिराती करून बघू असं कबूल केलं. ही गोष्ट तुझ्या पेजवर आली होती का?

तुझ्या पेजवरच्या ज्या रीलच्या लिंक तू पाठवल्यास त्या मी बघितल्या. मराठी छान आहे, बोलणं ओघवतं आहे. तरी दोन गोष्टी खटकल्या. एका रीलमध्ये मस्क "कॉलेज सोडून" मोठा झाला असं आहे. त्याने सोडली ती स्टॅनफर्डची पीएच.डी., तीही सुरू होताहोताच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या पदव्या त्याच्याकडे होत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण बारावीतलं पोर डिग्रीला अर्थ नाही म्हणत मस्कचं नाव पुढे करतं, अशी आयांची पत्रं माझ्याकडे येतात. दुसऱ्या रीलमध्ये टेस्ला त्याने एकट्याने उभी केली असं आहे. ती २००३ मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग या दोघांनी काढली, मस्क २००४ मध्ये पैसे घेऊन आला. पुढे वाद कोर्टात गेला आणि २००९ च्या तडजोडीनंतर पाच जणांनी स्वतःला संस्थापक म्हणवून घ्यायचं ठरलं, त्यांतला एक मस्क. स्पेसएक्सच्या रॉकेटचं इंजिन घडवण्यामागे टॉम म्यूलर होता. त्या कंपनीचा रोजचा गाडा ग्विन शॉटवेल ही बाई हाकते. यांच्यावर एकेक रील करून बघ. कदाचित दोनशेच लोक बघतील, पण तुझ्या यंत्राला का बघत नाहीत याचं उत्तर तुला तिथे मिळेल.

लोक तुझ्या पेजवर यंत्र बघायला येत नाहीत, एक माणूस बघायला येतात. तो माणूस तू नाहीस. पेजवर तुझं नाव नाही, चेहरा नाही, हे तूच लिहिलं आहेस. त्या ४० हजारांत लातूरचा कॉलेजकुमार असेल, पुण्यातला आयटीवाला असेल, नागपूरचा शेअर घेणारा असेल. त्यांना रातांब्याशी काय देणंघेणं? त्यांनी तुझं यंत्र न बघणं हा यंत्रावरचा निकाल नाही, आणि उद्या एखादी रील चुकून दहा लाखांनी बघितली तरी तोही निकाल नसेल. आकड्यांची भूक भागत नाही ती वेगळीच. मस्कने ट्विटर ४४०० कोटी डॉलरना घेतल्यावर काही महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रिकेने बातमी दिली होती: अमेरिकेच्या अध्यक्षांच्या ट्वीटला आपल्यापेक्षा जास्त लोकांनी बघितलं म्हणून मालक चिडला, आणि त्याचीच ट्वीट सगळ्यांना जास्त दिसावीत म्हणून इंजिनीअरांना रातोरात कामाला लावलं गेलं. अख्खं दुकान विकत घेतलेल्याची ही गत, तर तू दोनशेवर खट्टू झालास यात नवल नाही.

आणि बोलघेवडेपणाची किंमतही त्याने मोजली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये टेस्ला शेअरबाजारातून काढून घेतो, पैशांची सोय झाली आहे, असं एक ट्वीट केलं. त्यापायी त्याला दोन कोटी डॉलर दंड, कंपनीला तेवढाच वेगळा, आणि तीन वर्षं अध्यक्षपद गेलं. तो हे सोसू शकला. तुझ्या यंत्राची मोटर एकदा जळली तर पुढच्या मे महिन्यापर्यंत काम बंद. आपण ज्याला आदर्श मानतो त्याची हिंमत डोळ्यांत भरते, खिसा दिसत नाही.

तुझं गिऱ्हाईक कुठे आहे ते सांगू? ते एप्रिल संपता संपता अंगणात ढीग घालून बसलेलं असतं. रातांबे उतरवले की थांबत नाहीत, दोन-चार दिवसांत नासायला लागतात. बाया सुरी घेऊन बसतात, फळाचे दोन भाग, बी आणि गर एका टोपात, साल दुसऱ्यात. साल रसात बुडवायचं, उन्हात टाकायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा टाकायचं. तेव्हा कुठे आमसूल होतं. त्या आंबट रसाने पेरांना चिरा पडतात, नखांच्या कडा काळ्या होतात आणि महिनाभर डाळभात कालवताना बोटं झोंबतात. मजा अशी की त्याच चिरांवर त्याच बियांचं तेल, कोकमतेल, लावतात. हे सगळं वळवाच्या आधी उरकायचं असतं, नाहीतर मांडवावरचं साल बुरशीने जातं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भाव आणि मागणी दोन्हींची चर्चा होते, पण सुरी आहे तिथेच आहे. त्या बाईला तुझे फॉलोअर किती हे विचारायचंच नाही. ती विचारेल: बारकी फळं चिरडतात का? वीज गेली तर हाताने फिरतं का? धुवायला किती वेळ? लोखंडाने साल काळं पडेल का?

या प्रश्नांबद्दल तुझ्या पत्रात एक ओळ नाही, याची मला जास्त चिंता वाटते. पातं स्टेनलेस स्टीलचं आहे ना? कोकमाच्या आम्लापुढे साधं लोखंड एक हंगाम टिकायचं नाही. रानातल्या बियांच्या झाडांची फळं एका मापाची नसतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता'सारख्या कलमांवर जुळवलेलं यंत्र गावठी रातांब्यांवर फसू शकतं. रातांबे फोडायच्या यंत्रांवर काम याआधीही झालेलं आहे. दापोलीला एक फेरी मार, तिथलं बघ, त्यात काय कमी आहे आणि तुझ्यात काय जास्त आहे ते वहीत लिहून काढ. दुसरं मॉडेल त्या वहीतून निघू दे.

आणि मग विकायच्या भानगडीत आधी पडूच नकोस. तुझ्या बाबांकडे लोक भात भरडायला आणतात, गिरण विकत घेत नाहीत. यंत्रही तसंच चालव. मे महिन्यात गिरणीच्या शेजारी, भुसा उडणार नाही अशा वेगळ्या स्वच्छ खोलीत ते लाव आणि किलोमागे दर ठरवून रातांबे फोडून दे. पहिल्या आठवड्यात बचत गटाच्या बायकांना फुकट दे, पण त्या समोर बसून शिव्या घालतील तेवढ्या घालू देत, या अटीवर. एका हंगामात किती किलो निघाले, किती फळं चिरडली, किती वेळा बंद पडलं, याचा हिशेब तुझ्याकडे आला की बँकेच्या साहेबासमोर किंवा जिल्हा उद्योग केंद्रात ठेवायला कागद तयार. गिरणीवर दळणाची वाट बघत बसलेली माणसं जेवढं बोलतात तेवढी जाहिरात कुठल्या रीलने होते, सांग मला.

आपल्याकडे हे घडून गेलेलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानातून सुरुवात केली आणि १९०३ च्या सुमाराला लोखंडी नांगर काढला. शेतकरी त्याला हात लावेनात, लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. कारखान्याच्या मालाची ओळख करून देणारं 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघालं १९२० मध्ये, कारखाना नीट उभा राहिल्यावर. तेच पुढे मराठी घराघरांत वाचलं गेलं. प्रसिद्धी वाईट असते असं म्हणणारी मी नव्हे. किर्लोस्करांइतकी प्रसिद्धी मराठीत फार थोड्यांना जमली.

आता एक धोक्याची गोष्ट, जी तुझ्यासारख्या खटपटी पोरांपैकी फार थोड्यांना माहीत असते. आपल्या देशात पेटंट हवं असेल तर अर्ज करण्याआधी ती कल्पना जगजाहीर झालेली नसावी लागते. रीलमध्ये यंत्राचं पोट उघडून दाखवलंस की तूच ती जाहीर केलीस, मग बघणारे दोनशे का असेनात. टाकलेल्या व्हिडिओत आतली रचना दिसते का ते आज बघ, दिसत असेल तर तो काढ आणि एखाद्या पेटंट एजंटला विचार की किती बिघडलंय. गिरणीत चारचौघांसमोर यंत्र लावायच्याही आधी तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज टाकता येतो. एकट्या व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी १६०० रुपये, एजंटचे पैसे वेगळे. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, म्हणजे मधला एक अख्खा हंगाम तुला वापरून बघायला मिळतो. महाराष्ट्राचं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण जावं लागत नाही. पेटंट घ्यायलाच हवं असं माझं म्हणणं नाही. टेस्लाने २०१४ मध्ये आपली पेटंटं चांगल्या हेतूने वापरणाऱ्यांवर खटले भरणार नाही असं जाहीर केलं होतं, आणि स्पेसएक्स पेटंटच्या वाटेला फारशी जात नाही, कारण ती वाचून दुसरे नक्कल करतील. घ्यायचं की नाही ते तू विचार करून ठरव. रील टाकायच्या भरात ते आपोआप ठरून जाऊ नये.

पेज बंद कर असं मी म्हणणार नाही. बाबांचा "वरात" हा शब्द तुला लागला असणार, पण ते अर्धंच बरोबर आहेत. अवघड यंत्र दीड मिनिटात मराठीत समजावून सांगणं हे साधं कसब नाही, ते तुला मस्कच्या निमित्ताने आलं. ते पेज हौस म्हणून चालू दे, आठवड्याला ठरावीक वेळ दे, आणि चुकीच्या रील दुरुस्त कर. यंत्रासाठी मात्र वेगळं खातं काढ, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने, जमलं तर मालवणीत. त्यावर प्रेरणेची वाक्यं नकोत. किती किलो फोडले, कुठे अडलं, साल कसं निघालं, एवढंच. शंभर माणसं जमली आणि त्यांतली वीस कोकमवाली असली तर भरपूर झालं. आणि मस्कच्या बाजूने अनोळखी लोकांशी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडतोस असं तू पत्रात ओझरतं लिहिलं आहेस, ते तेवढं थांबव. त्याला वकील भरपूर आहेत.

राहिली वेर्ण्याची नोकरी. ती घेतली तर आपण हरलो, असं तुला वाटतंय. का? रातांब्याचा हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. उरलेले दहा महिने तू पडवीत बसून काय करणार आहेस, रीलच ना? कारखान्यात शीट मेटल, वेल्डिंग, बेअरिंग कुठून कितीला येतं, हे सगळं पगार घेऊन शिकायला मिळेल, आणि दुसऱ्या मॉडेलचे पैसे कॉइनवाल्याकडून घ्यावे लागणार नाहीत. होकार देण्याआधी तिथल्या माणसाला एवढंच विचार की एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत सलग रजा, बिनपगारी का असेना, मिळेल का. नाही म्हणाला तर दुसरी नोकरी बघ, कुडाळच्या एमआयडीसीतही चौकशी कर. हो म्हणाला तर ते लेखी घे, आणि बाबांना सांग की मे महिन्यात गिरणीशेजारची खोली मोकळी हवी.